मूठ मापानं करावी

सोलापूर,
मार्गशीर्ष

चि. भाचीस,


चाकूच्या पात्याचा फोटो मिळाला. पातं नेटकं आहे, पाठीला जाड आणि धारेकडे सारखं उतरत आलेलं. त्याला मूठ बसवून आईला अचानक द्यायची, असा तुझा बेत दिसतो. मूठ निळ्या रेझिनची करू की शिसवाची, हे तू विचारलंस. माझं उत्तर तुला आवडणार नाही कदाचित, पण आधी आईचा हात मोज. लाकडाचं मग बघू.

तुझ्या आईच्या बोटांचे सांधे हल्ली धरतात. असा हात बारीक मूठ धरायला जास्त आवळावा लागतो आणि मग तो आणखी ठणकतो. मूठ जरा भरीव असली की कमी जोरात पकड बसते. धरल्यावर बोटांची टोकं अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकावीत, हा चांगल्या हाताचा घेर. तिच्यासाठी त्याहून थोडा जास्त ठेव. लांबी चार बोटांच्या रुंदीपेक्षा बोटभर अधिक हवी. आणि मूठ गोल करू नकोस, अंडाकृती कर. गोल मूठ ओल्या हातात फिरते. अंडाकृती असली की धार कुठल्या अंगाला आहे हे न बघताही तळव्याला कळतं. मागचं टोक किंचित फुगीर ठेवलं तर ओढताना हात सुटत नाही.

आपल्याकडे पातं आणि मूठ ही दोन वेगळ्या घरची कामं होती. बारा बलुतेदारांत लोहारानं पातं घडवायचं आणि सुतारानं दांडा बसवायचा. दोघांचं बलुतं सुगीत खळ्यावर धान्यानं चुकतं व्हायचं. दोघंही गावातच असल्यामुळे विळा कुणाच्या हातात जाणार हे सुताराला ठाऊक असे. मूठ टोचली तर बाई दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात उभी राहायची. आज यंत्रावर एका मापाच्या हजारो मुठी निघतात. शेतातली खुरपणी बहुतेक बायकाच करतात, पण खुरप्याची मूठ घेताना त्यांचा हात कुणी मोजत नाही.

तुझं पातं घिसाड्याकडचं आहे. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या भाता आणि ऐरण घेऊन गावोगाव हिंडत आली. नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरतो आणि बायको घण घालते, हे तू बाजारात पाहिलंच असशील. लोखंड बऱ्याचदा ट्रकच्या जुन्या पाट्याचं असतं. वर्षानुवर्षं भार झेलून पुन्हा मूळ आकारात येणारं ते पोलाद आहे, म्हणून पाणी दिलं की धार चांगली धरतं. तेच पाणी, म्हणजे पात्याचा कडकपणा, मूठ बसवताना उतरवू नकोस म्हणजे झालं.

आता लाकूड. शिसव सुंदर असतं, हे खरं. पण आपल्या भागात हत्याराला बाभूळ लावतात आणि त्याला कारण आहे: बाभूळ कठीण, चिवट आणि धक्का सोसणारी. आतला तांबूस गाभा घे. बाहेरचं पांढरट लाकूड किडा खातो. तो लागू नये म्हणून जुने लोक बाभळीचं लाकूड महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवत आणि मग सावलीत वाळवत. रेषा मुठीच्या लांबीत सरळ जाव्यात, मध्ये गाठ नको. ओलं लाकूड तर मुळीच नको. लाकूड लांबीत फारसं आटत नाही, पण रुंदीत आटतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे जातो. पावसाळ्यात घट्ट वाटलेली मूठ तेव्हा खुळखुळायला लागते. मग लोक ती पाण्यात टाकतात. लाकूड फुगून तेवढ्यापुरती घट्ट होते. पण आतले तंतू दबतात आणि वाळल्यावर मूठ आणखी सैल पडते.

बसवायची रीत अशी. मुठीच्या तोंडावर आधी पितळी शेंबी चढव, नाहीतर ठोकताना लाकूड चिरतं. पात्याच्या मागचा निमुळता भाग मुठीत जातो; त्यापेक्षा थोडं अरुंद भोक गिरमिटानं पाड. मग पात्याला ओलं फडकं घट्ट गुंडाळ आणि फक्त मागचा भाग लाल कर. फडकं नसलं तर उष्णता धारेपर्यंत जाते आणि पाणी उतरतं. लाल टोक भोकात दाबलं की लाकूड जळत जातं आणि लोखंडाच्या आकाराचीच जागा तयार होते. शेवटचा थोडा भाग न जाळता सोड. सगळं गार झालं की कोळसा खरवडून काढ आणि पातं बसव. मग मूठ उभी धरून तिचं बूड दगडावर आपट, पातं आपल्याच वजनानं आत जातं. पात्यावर हातोडी घालू नकोस.

जुन्या तलवारी-कट्यारींच्या मुठींत लाख भरत. लाख तापवली की मऊ होते आणि पातं मोकळं होतं, म्हणजे मूठ बदलता येते. पण स्वयंपाकघरातला चाकू गरम पाण्यात पडतो, म्हणून तिथं लाख टिकणार नाही. अ‍ॅरल्डाइट वापर.

वरून वार्निश नको. घामानं त्याचे पोपडे निघतात आणि तोवर ते निसरडं असतं. जवसाचं तेल पातळ चोळ, पुसून घे, वाळू दे, पुन्हा चोळ. हे तेल हवेत सुकून घट्ट होतं. शेंगातेल तसं सुकत नाही, चिकट राहतं. तेलाची चिंधी मात्र गोळा करून ठेवू नकोस, आपोआप पेटते, पसरून वाळव.

राहिला निळ्या रेझिनचा प्रश्न. फोटोत ते उठून दिसेल. पण ही मूठ दिवसातून दोनदा आईच्या दुखऱ्या हातात असणार आहे, आणि तिथं तिची झळाळी कुणी बघत नाही. म्हणून अचानक देण्याचा बेत सोड. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी येशील तेव्हा मूठ अर्धवट घडवलेली घेऊन ये. तेल लावण्याआधी ती आईच्या हातात दे, तिला कांदा चिरू दे. जिथं बोचतं म्हणेल तिथं कानस चालव. ती 'आता बरोबर' म्हणेपर्यंत काम संपलं असं समजू नकोस.

तुझा,
मामा