रूथ, एरन आणि एक चेंडू

आज वहीत पुन्हा ७१४ आणि ७१५चे मूळ अवयव पाडले. २ × ३ × ७ × १७ आणि ५ × ११ × १३. दोन्हीकडे अवयवांची बेरीज २९! शिवाय पहिल्या सातही मूळ संख्या दोघींत मिळून एकेकदा हजर, एकही सुटलेली नाही. दरवेळी हरखायला होतं.

बेसबॉलमधला बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम हँक एरनने एप्रिल १९७४मध्ये ७१५वा होमरन मारून मोडला. गणितज्ञ कार्ल पोमरन्स आणि सहकाऱ्यांनी या आकड्यांवर हलकाफुलका लेख लिहिला, जोडीला खेळाडूंची नावं दिली. मूळ अवयवांची बेरीज सारखी असलेल्या अशा लागोपाठच्या संख्यांच्या जोड्या फार विरळ असाव्यात, हा त्यातला अंदाज गणितज्ञ पॉल एर्डिश यांनी सिद्ध केला. थट्टेतून खरं गणित निघालं, आणि पोमरन्स-एर्डिश अशी जोडीही जमली.

मला मात्र १९९५चा किस्सा सगळ्यात प्यारा. एमरी विद्यापीठाने एर्डिश आणि एरन दोघांनाही मानद पदवी दिली, तेव्हा दोघांनी एकाच चेंडूवर सही केली. एर्डिशबरोबर ज्याचं नाव एका लेखावर, त्याचा ‘एर्डिश अंक’ १. मग चेंडूवरची नावं का धरू नयेत? गणिती मंडळी हसत हसत एरनलाही १ देतात. मला तो मनापासून मान्य आहे.