शिरूर-दौंडचें ऊन आणि आमची सांडगी मिरची

गेल्या वर्षीं आषाढी द्वादशीच्या पारण्यास तळावयाची म्हणून मीं सांडगी मिरचीची बरणी उघडली, तों आंतून कुबट वास आला. वरच्या थरावर पांढरी बुरशी धरली होती. किलोभर मिरच्या आणि आठ दिवसांची मेहनत एका क्षणांत वायां गेली. सासूबाई रागावल्या नाहींत. त्यांनीं मिरच्या केरांत टाकल्या, बरणी कढत पाण्यानें धुतली आणि ओट्यावर पालथी घालून ठेवली. रात्रीं पानें वाढतांना मात्र एवढेंच म्हणाल्या, “आतां यापुढें विकतचीच आणीत जाऊं.”

हें वाक्य मला बोचलें. पुण्यांतील आमचा वाडा पाडून तेथें सदनिकांची इमारत उभी राहिली, त्यापूर्वीं गच्चीवरच्या कुरडया, सांडगे आणि मिरच्या यांवर सासूबाईंची एकछत्री सत्ता होती. पुढें त्यांचे गुडघे दुखूं लागले, जिना चढवेना, आणि तें काम माझ्याकडे आलें. माझ्या हातीं येतांच पहिल्या वर्षीं घरची चाल मोडावी, हें मनास पटेना. म्हणून यंदा वैशाखांत मीं शिरूरची वाट धरली. तेथें मामंजींची बहीण, आमच्या आत्याबाई, राहतात. सासूबाई नव्यानें घरांत आल्या, तेव्हां मिरची भरावयास शिकल्या त्या या नणंदेपाशींच.

पुण्याहून शिरूर सत्तर किलोमीटरांच्या आंतच आहे. वाघोली, कोरेगांव, शिक्रापूर मागें टाकून गाडी रांजणगांवास आली, कीं अष्टविनायकांतील महागणपतीचें देऊळ आणि औद्योगिक वसाहतीचे कारखाने एकाच गांवाच्या नांवानें नांदतांना दिसतात. पुढें शिरूर. जुनीं माणसें यास अजून घोडनदी म्हणतात, कारण गांव त्या नदीच्या कांठींच वसला आहे. पलीकडे अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा नगर जिल्हा, लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं येथें इंग्रजांच्या फौजेची छावणी होती.

हा सारा मुलूख पर्जन्यछायेंतला. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात; लोणावळ्यास जेवढा पाऊस कोसळतो, त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास काय तो शिरूर-दौंडच्या वांट्यास येतो. अलीकडे धरणांचे कालवे आले, उंसाचे हिरवे पट्टे दिसूं लागले. परंतु वैशाखांतील दुपार अजून तशीच कोरडी आहे. ओलें धोतर दोरीवर टाकावें आणि हात पुसून परत यावें, तों तें वाळलेलें असावें! ज्या कोरडेपणानें येथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या गांजला, तोच वाळवण घालणाऱ्या गृहिणीस मात्र उपकारक होतो.

आत्याबाईंची दृष्टि आतां अधू झाली आहे. माजघरांत पाटावर बसून त्या केवळ बोटांनीं मिरच्या निवडीत होत्या. “पोपटी, जाड सालीची, बोटाएवढी आणि बेताची तिखट घ्यावी. पातळ सालीची मिरची तेलांत पडली कीं करपते,” असें त्या म्हणाल्या. मीं वही काढली. आजवर हीं प्रमाणें कोणीं लिहून ठेवलींच नव्हतीं. मूठ आणि चिमूट हींच त्यांचीं मापें. मग त्यांच्या प्रत्येक मुठीखालीं मीं तराजू धरला. तो हिशेब असा: एक किलो मिरच्यांस १०० ग्रॅम धने, २५ ग्रॅम मेथी, २५ ग्रॅम जिरें, १०० ग्रॅम मीठ, दोन चमचे हळद आणि एक चमचा हिंग. धने, मेथी आणि जिरें किंचित् भाजून जाडसर कुटावें, बाकीचें त्यांत मिसळावें आणि वाटीभर आंबट दह्यांत कालवावें.

मिरच्या धुऊन, पुसून, सावलींत पूर्ण कोरड्या कराव्या. देंठ ठेवून एका बाजूनें चीर द्यावी, मसाला भरावा आणि रात्रभर चिनी मातीच्या भांड्यांत झांकून ठेवाव्या. “पितळेचें भांडें घेऊं नकोस हो, आंबटानें कळकेल,” हें त्यांनीं दोनदां बजावलें. सकाळीं मिरच्यांना पाणी सुटलेलें असतें. त्या उन्हांत पसराव्या. खालीं राहिलेल्या पाण्यांत थोडें आंबट ताक घालावें आणि तिन्हीसांजेपूर्वीं मिरच्या पुन्हां त्यांत बुडवाव्या. दोन-तीन दिवसांत सारें ताक जिरतें. त्यानंतर केवळ ऊन. मीठ मिरचीच्या अंगचें पाणी बाहेर ओढतें, मीठ आणि आंबटपणा मिळून तिला नासूं देत नाहींत, आणि उरलेला ओलावा ऊन-वारा नेतो. ह्या तीन कामांपैकीं एकही अर्धें राहिलें, तर फसगत ठरलेलीच.

परंतु वाळवण घालावें कोठें? आत्याबाईंच्या अंगणास लागून आतां चार मजली इमारत आहे; अंगणांत ऊन येतें तें जेमतेम दोन तास. म्हणून कांहीं वर्षांपासून मिरच्या भरल्या जातात शिरूरास आणि वाळतात दौंडास. दौंडास आमच्या वन्सं राहतात. त्यांचे यजमान रेल्वेंतून निवृत्त झाले असून घरास ऐसपैस गच्ची आहे. यंदा तो डबा नेण्याचें काम माझ्याकडे आलें. न्हावरें, पारगांवचा भीमेवरील पूल, चौफुला, पाटस असा वळसा घेत मी मांडीवर डबा धरून निघालें. हिंगाचा वास गाडीभर पसरला होता; शेजारच्या बाईंनीं “सांडगी का हो?” म्हणून विचारलेंच.

दौंड हें आगगाड्यांचें गांव. सोलापुराकडे जाणारा मार्ग आणि १८७८ सालीं सुरू झालेला मनमाडचा फांटा येथें मिळतात, आणि रात्रंदिवस शिट्या ऐकूं येतात. वन्संचा दिनक्रमही त्या गाड्यांवर बेतलेला. सकाळीं नऊनंतर, गच्चीची फरशी तापल्यावर, त्या धुतलेल्या धोतरावर एकेक मिरची सुटी मांडीत; दुपारीं एकदां उलटीत; आणि पांचाच्या आंत सुपांत भरून खालीं आणीत. वर पातळ मलमल, म्हणजे धूळ बसूं नये आणि वारा अडूं नये.

मीं त्यांस माझी गतवर्षींची रीत सांगितली. कांचा लावलेल्या गॅलरींत मीं मिरच्या वाळविल्या होत्या आणि शेवटच्या दिवशीं कुरकुरीतपणा जाऊं नये म्हणून गरमागरमच बरणींत भरून झांकण घट्ट लावलें होतें. वन्सं हंसूं लागल्या. “अहो वहिनी, तुम्हीं तर त्यांना घाम आणलात!” मग त्यांनीं समजावून सांगितलें. बंद गॅलरींत ऊन लागतें, पण वारा खेळत नाहीं. साल वाळते आणि पोट ओलें राहतें. तशी मिरची गरम असतांना कोंडली, कीं आंतली वाफ झांकणास लागते, थंड होऊन थेंबांनीं खालीं गळते, आणि बुरशीस घर मिळतें. पूर्ण वाळलेली मिरचीदेखील सावलींत सुपामध्यें निववावी आणि मगच बरणींत भरावी. वाळली कीं नाहीं हें कानानें ओळखावें: हलवितांच आंतलें बीं खुळखुळलें पाहिजे आणि देंठाशीं मोडतांना कट् असा आवाज झाला पाहिजे. दृष्टि अधू झाली तरी आत्याबाईंची मिरची कधीं फसली नाहीं, याचें मर्म तेव्हां माझ्या ध्यानीं आलें.

मीं अर्ध्या मिरच्या दौंडासच वाळूं दिल्या. त्या चार दिवसांत खुळखुळूं लागल्या. उरलेल्या अर्ध्या, ताक जिरल्यावर, पुण्यास आणून इमारतीच्या सामाईक गच्चीवर घातल्या. त्यांस सहा दिवस लागले, आणि एके दुपारीं वळवाची चाहूल लागतांच मला तीन जिने धांवत चढावें लागलें. पण अखेरीस त्याही तशाच वाजूं लागल्या. दोन्ही बरण्या मीं फडताळांत शेजारीं शेजारीं ठेविल्या आणि द्वादशीपर्यंत हात लावला नाहीं.

त्या दिवशीं कढईंत तेल मध्यम तापवून, आंच मंद करून मीं चार-चार मिरच्या सोडल्या. रंग तांबूस होतांच झाऱ्यानें काढल्या. तेलांतून निघतां त्या किंचित् मऊ वाटतात, निवल्यावर कुरकुरीत होतात. म्हणून जास्त वेळ तळण्याच्या मोहास पडूं नये, नाहींतर मेथी कडू होते. पानावर दहींभात होता. मामंजींनीं एक मिरची भातावर चुरली, त्याचा आवाज स्वयंपाकघरांत ऐकूं आला.

सासूबाईंनीं दोन्ही बरण्यांतील एकेक मिरची घेतली, खाल्ली आणि विचारलें, “यांत दौंडची कोणती?” मीं सांगितलें नाहीं. त्यांनींही पुन्हां विचारलें नाहीं. पानें उचलल्यावर मात्र म्हणाल्या, “पुढल्या वर्षीं दोन किलो घालूं. आणि ती वही मला जरा वाचून दाखव. मेथी वन्सं जास्त सांगतात.”