हरलेल्यांच्या खुणा

तू इथे नाहीस, मुलूखमैदान तोफे.

परंड्याच्या किल्ल्याच्या तटावर ऊन चढतं. खंदकातल्या गवतातून वारा वर येतो. तुझी गर्जना जिथून सुटायची, तिथे नुसतं आभाळ.

१५४९ साली अहमदनगरात तू ओतली गेलीस, पुढे इथे आलीस. हत्तीला जबड्यात धरलेलं ते सिंहमुख, ते अक्राळविक्राळ पंचावन्न टन धातूचं मौन, १६३२ मध्ये आदिलशाहीनं इथून विजापूरला नेलं, शेर्झा बुरुजावर चढवलं. तेव्हापासून हा किल्ला तुझ्या नसण्याचा पहारा करतो आहे.

तुझ्या अंगावर निजामशहाचं नाव आहे. १६८६ साली विजापूर पडलं आणि औरंगजेब आलमगिरानं आपला विजयही तुझ्यावरच कोरवला.

जुना लेख मात्र राहिला.

किती जणांनी या दगडांना आपलं म्हटलं! बहामनी आले, निजामशाही आली आणि अहमदनगर हातचं गेल्यावर तिनं इथेच काही काळ राजधानीचा दिवा तेवत ठेवला, आदिलशाही आली, मोगल आले, हैदराबादचा निजाम आला, १९४८च्या सप्टेंबरात त्याचंही राज्य मावळलं, आणि ज्याच्या त्याच्या नगाऱ्याचा नाद, ज्याच्या त्याच्या निशाणाची सावली, दरवाजाशी वाकलेल्या पाठी, जनान्यातले हुंदके, सारं सारं या काळ्या चिऱ्यांत मुरत गेलं, पावसाळ्यामागून पावसाळे मुरत गेलं.

उरल्या त्या काही तोफा. त्यांवरची फारसी अक्षरं. संध्याकाळचा तिरपा उजेड त्यांना हलकेच उठवतो, आणि मला वाचता न येणारं काहीतरी तळहाताला लागतं.

या अक्षरांपुढे कुणीतरी मान तुकवली होती. माझ्याच मातीतलं कुणीतरी. ते मी विसरत नाही.

म्हणून तर ही अक्षरं खोडू पाहणाऱ्या छिन्नीची भीती वाटते. खूण खरवडली की जुलमी जातो, आणि त्याच्यासोबत ज्यानं सोसलं तोही जातो. दगड कोरा होतो. कोऱ्या दगडाला कुणाचंच दुःख आठवत नाही.

राहू द्या ही नावं. निजामशहाचं, आलमगिराचं, ज्याचं असेल त्याचं. त्यांचा हुकूम आता गवताच्या पात्यावरही चालत नाही. आम्ही होतो आणि आम्ही गेलो, एवढंच ती सांगतात. आणि आज ज्याच्या हाती राज्य आहे, त्यानं रोज ऐकावं असं याहून मोठं दुसरं काही या किल्ल्यापाशी नाही.