चिंता, सुई आणि पांढऱ्या पेशी

चिंता महिनोन्महिने टिकली की तिचा ताण रोगप्रतिकारक पेशींवरही पडतो. माद्रिदमधील संशोधकांनी 2007 साली चिंताग्रस्त स्त्रियांना अ‍ॅक्युपंक्चर देऊन या पेशी तपासल्या. जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल्सची आणि मारक पेशींची घटलेली क्षमता निरोगी स्त्रियांच्या पातळीकडे सरकली. जिथे प्रतिक्रिया गरजेपेक्षा तीव्र होती, तिथे ती उतरली. नुसती वाढ नव्हे, तर तोल, हेच यातले खरे लक्षणीय. पुढे 2021 मध्ये उंदरांच्या मागच्या पायात सुईतून सौम्य वीज दिल्यावर व्हेगस चेतातंतू अधिवृक्क ग्रंथींना चेतवतो आणि दाह घटतो, असे दिसले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे ओघाने आलेच. चिंतेवरील चालू औषधे सुईच्या भरवशावर परस्पर बंद करू नयेत.