अगत्तीची माणकी

गोव्यात तीन पिढ्या काढलेल्या आमच्यासारख्या कुटुंबाला माणकीची ओळख करून द्यावी लागत नाही. सिंधुदुर्गातले आमचे सोयरे तिलाच माकुल म्हणतात. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात लक्षद्वीपला निघताना समुद्राविषयी शिकण्यासारखे आता फारसे उरले नाही, असा एक गोड गैरसमज आमच्याबरोबरच बोटीवर चढला होता.

कोचीहून निघालेली आमची बोट अगत्तीपाशी पोहोचली ती पहाटेच्याही आधी, आणि उजाडण्याची वाट पाहत प्रवाळाच्या कड्याबाहेर उभी राहिली. झोप येईना, म्हणून आम्ही सारे कठड्याशी गेलो. बोटीच्या दिव्यांचा उजेड पाण्यावर सांडला होता. त्यात आधी बारीक मासळी आली आणि तिच्यामागून तांबूस, निमुळत्या आकृत्या आल्या, त्याही शेपटाकडून पुढे! एकाएकी त्यांतल्या सात-आठ जणी पाण्याबाहेर झेपावल्या, पंखांसारखे कल्ले आणि हात पसरून काही हात अंतर हवेतून तरंगत गेल्या आणि पलीकडच्या काळोखात नाहीशा झाल्या. जवळच्या खलाशाला त्याचे काहीच नवल वाटले नाही. ही किनाऱ्याची नव्हे, खोल पाण्यातली जात, एवढेच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुळणीवर एक मोठा गेदर कापला जात होता. त्याच्या पोटातून हीच माणकी, बरीचशी शाबूत, बाहेर आली. कोळ्याने हसून ती आमच्या हिच्या हाती दिली. पुढचे शवविच्छेदन अर्थातच गृहिणीच्या हातून झाले. स्नायूंची जाड पिशवी, आठ हात आणि दोन लांब स्पर्शिका, चूषकांच्या कडांना दातेरी कडी, राघूसारखी चोच, शाईची पिशवी, आणि पाठीतून ओढून काढावी लागणारी ती पारदर्शक काडी. आमच्या स्वयंपाकघरात येणाऱ्या माणकीचे सारे अवयव येथे होते. हृदये तीन, रक्त निळसर, आणि अन्ननलिका मेंदूच्या मधून जाणारी, हेही दोघींत सारखेच. मात्र पाठीवर, मानेच्या मागे कातडीखाली, एक लंबगोल फिका ठिपका होता. तो या जातीचा दिवा. त्यातून ती प्रकाश सोडते. आणखी एक खूण बोटांनाच कळली. पाणी जोराने बाहेर फेकणारी जी नळी असते, तिची कूर्चा पिशवीच्या कूर्चेला चिकटलेली होती. बाजारातल्या माणकीत ती बटणासारखी सुटते. येथे ओढूनही सुटेना.

शास्त्रात हिचे नाव स्थेनोट्यूथिस ओउलानिएन्सिस. नाव अवघड खरे, पण त्यात एक बेट लपलेले आहे. प्रशांत महासागरातल्या कोसराए बेटाला पूर्वी ओउलान म्हणत. 1824 साली ‘कोकीय’ हे फ्रेंच जहाज तेथे गेले होते. त्यावरचे निसर्गशास्त्रज्ञ लेसों यांनी 1830 मध्ये या माणकीचे वर्णन केले. त्या बेटापासून तांबड्या समुद्रापर्यंत, प्रशांत आणि हिंदी महासागरांच्या साऱ्या उष्ण पाण्यात तिचा संचार आहे. बुटकी, मध्यम आणि राक्षसी अशी तिची रूपे आढळतात. बुटकीला पाठीचा दिवा नसतो. राक्षसी रूप मुख्यतः आपल्याच अरबी समुद्राच्या उत्तर भागात आणि एडनच्या आखाताकडे मिळते. त्यातल्या मोठ्या माद्यांची नुसती पिशवीच साठ सेंटिमीटरांवर जाते. ही एकच जात की अनेक, हा वाद अजून मिटलेला नाही.

मग ती गोव्याच्या बाजारात का दिसत नाही? आपल्या किनाऱ्यापुढे समुद्रबूड जमीन दूरवर उथळ पसरली आहे. खोल पाण्यासाठी शंभरएक किलोमीटर जावे लागते. अगत्तीला मात्र प्रवाळाचा कडा संपताच तळ सुटतो. माणकी दिवसा शेकडो मीटर खाली, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या थरात राहते आणि रात्री भक्ष्यामागे वर येते. आयुष्य सुमारे वर्षाचे. तेवढ्यात वाढायचे, अंडी घालायची आणि संपायचे.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपच्या पाण्यात तिचा शोध घेतला आहे. आपल्या हद्दीपलीकडे मात्र चिनी जहाजे प्रखर दिव्यांखाली तिला पकडतात. ते दिवे उपग्रहांच्या चित्रांतही दिसतात. हे आम्ही मोडक्यातोडक्या हिंदीत त्या कोळ्याला सांगितले, आणि ही माणकी कमी झाली तर तुम्हाला काय, असेही विचारले. त्याने कापलेल्या गेदराकडे बोट दाखवले. “हा काय खाईल?”

आमच्या हिच्या मनात संध्याकाळी ती माणकी शिजवायची होती. पण कोळ्याने ती मागून घेतली, तिचे चार तुकडे केले आणि दुसऱ्या दिवसाच्या गळांसाठी डब्यात ठेवून दिले.