उजेडाची मात्रा

उजेडावर काम करणाऱ्या माणसाचा बराच दिवस अंधारात जातो. आमच्याकडे औषधाच्या कुप्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेल्या असतात आणि पेशींच्या प्लेट्स हलवायच्या तर आधी खोलीतले दिवे मंद करायचे. फोटोडायनॅमिक थेरपी, आमच्या बोलण्यात नुसती ‘पीडीटी’, हा माझा व्यवसाय. कर्करोगाच्या पेशींत उजेडाला संवेदनशील असं औषध साठू द्यायचं, मग त्यावर ठरावीक रंगाचा उजेड पाडायचा. नुसत्या औषधानं किंवा नुसत्या उजेडानं पेशीला काही होत नाही. दोन्ही एकत्र आले आणि जवळ प्राणवायू असला, तरच पेशी मरते.

या विद्येचा जन्म न जुळणाऱ्या आकड्यांतून झाला. १९००च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी ॲक्रिडिनच्या द्रावणात पॅरामेशियम हे सूक्ष्मजीव किती वेळात मरतात ते पाहत होता. द्रावण तेच, पण वेळ दर वेळी वेगळी. फरक होता तो खोलीतल्या उजेडाचा. १९१२ साली फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरनं स्वतःलाच हिमॅटोपॉर्फिरिन हे उजेडाला संवेदनशील द्रव्य टोचून घेतलं आणि उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा सुजला. पुढे अमेरिकेत बफेलोच्या थॉमस डॉहर्टी यांनी याच कुळातल्या औषधानं १९७०च्या दशकात रुग्णांवर उपचार केले. १९९३ साली कॅनडानं त्याच कुळातल्या फोटोफ्रिन या औषधाला मान्यता दिली.

नव्यानं आलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी मला एकच प्रश्न विचारतो: लेसरची पॉवर वाढवली तर काम लवकर होणार नाही का? उत्तर विहिरीत आहे. झऱ्यापेक्षा उपसा जास्त झाला की विहीर कोरडी पडते. मोटर मग नुसतीच फिरते. कर्करोगाच्या गाठीतही तेच घडतं. प्रखर उजेडात प्राणवायू भराभर खर्च होतो, रक्त तितक्या वेगानं नवा आणू शकत नाही आणि पुढचा उजेड वाया जातो. म्हणून उजेड मंद ठेवायचा किंवा मध्ये थांबून थांबून द्यायचा. एकूण मात्रा तेवढीच, पण परिणाम पुष्कळदा अधिक चांगला.

ही मात्रा ठरवणं हीच आमची खरी कारागिरी. फायबरच्या टोकाशी किती उजेड निघतो ते मीटरवर तपासता येतं. ऊतीच्या आत किती पोचला ते सांगणं अवघड. लाल उजेडसुद्धा काही मिलिमीटरच प्रभावीपणे शिरतो आणि रक्त जास्त असेल तिथे त्याहून कमी. त्यामुळे मी औषधाकडेच बघतो. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल हे औषध दिलं की गाठीत प्रोटोपॉर्फिरिन हे उजेडाला संवेदनशील द्रव्य साठतं आणि निळ्या उजेडात ते लालसर चमकतं. उपचार चालू असताना ही चमक हळूहळू विझत जाते. ती किती आणि कशी विझते, यावरून काम कुठवर आलं याचा अंदाज बांधता येतो.

मर्यादाही सांगायला हव्यात. खोल पसरलेल्या कर्करोगापर्यंत बाहेरून पाडलेला उजेड पोचत नाही. फोटोफ्रिन घेतलेल्या माणसाला किमान महिनाभर ऊन टाळावं लागतं. शेतावर राबणाऱ्याला हे सांगताना जीभ अडखळते. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाच्या बाबतीत हा काळ एक-दोन दिवसांवर येतो. पण वरवरच्या, लहान जखमेवर ही पद्धत फार सभ्यपणे वागते. व्रण कमी राहतो आणि गरज पडली तर उपचार पुन्हा करता येतो.

मंद उजेड पुरतो, याचा आपल्या देशासाठी मोठा अर्थ आहे. त्यासाठी महागडा लेसरच हवा असं नाही. बोस्टनमधल्या तयबा हसन आणि जोनाथन सेली यांच्या गटांनी अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या डॉक्टरांसोबत एलईडीचं, बॅटरीवर चालणारं स्वस्त उपकरण तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर वापरून पाहिलं आणि त्याला आशादायक यश आलं. माझ्या मते या क्षेत्राचं भवितव्य अशाच साध्या उपकरणांत आहे, आणखी प्रखर दिव्यांत नाही.

मात्र उपकरण कितीही स्वस्त झालं, तरी ते गाठ लहान असतानाच उपयोगी पडतं. तेव्हा तंबाखू, गुटखा, मशेरी सोडाच. पण घरातल्या कुणाच्या तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर वाट न बघता दंतवैद्याला दाखवा.