शेडमागचं बाकडं

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. निफाड तालुक्यात गारपीट झाली. आमच्या द्राक्षबागेची गोडी छाटणी झालेली, घड नुकते धरलेले. सोमवारी निम्मे खाली पडलेले होते.

थोरले भाऊ बागेत गेलेच नाहीत. शेडच्या ओट्यावर बसून राहिले. पंचनामा झाला. ८ डिसेंबरला कांद्याची निर्यातबंदी आली, तेव्हा तर बोलणंच थांबलं. रात्री झोपत नाहीत, असं वहिनी सांगत होत्या. मी म्हणालो, "होईल हळूहळू." ते म्हणायला नको होतं.

शेवटी एका दवाखान्यात नेलं. समुपदेशनाची जागा म्हणजे व्हरांड्याच्या टोकाला एक पडदा. बाहेर बाकावर आमच्याच गावचे दोघं. "भाऊ, इकडं कुणीकडं?" भाऊ म्हणाले, "बीपी तपासायला." आणि खरंच बीपी तपासून घरी आलो.

त्या रात्री विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत बसून मी १४४१६ लावला. टेलिमानसचा, मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर. फुकट आहे, मराठीत बोलतात. घरातून लावायची मलाच लाज वाटली. पलीकडच्या बाईंनी झोपेचं, जेवणाचं विचारलं, मग म्हणाल्या, "फवारणीची औषधं कुठं ठेवता?" आमची औषधं घरातच, जिन्याखाली. सकाळी लोखंडी पेटी आणून शेडमध्ये ठेवली. कुलूप लावलं, किल्ली वहिनींकडं. त्याच आठवड्यात नाशिकला डॉक्टरांकडं गेलो. गर्दी नसते म्हणून दुपारची वेळ मागून घेतली. गोळ्या सुरू झाल्या.

ओट्याचं मात्र कुणी सांगितलं नाही. तिथं बसलं की समोर तीच बाग. माणूस दिवसभर तेच बघत बसलाय, हे कळायला मला महिना लागला. मग शेडच्या मागं, लिंबाखाली जुन्या फळीचं बाकडं ठोकलं. तिथून विहीर दिसते, रस्ता दिसतो, येणारा-जाणारा राम राम करतो.

समोर बसून विचारलं की भाऊ गप्प. शेजारी बसून लाल कांदा निवडताना, हात चालू असताना, एक दिवस आपणहून म्हणाले, "औषध दुकानाची उधारी तुला सांगितलीच नव्हती." आकडा ऐकून माझा हात थांबला. मी कांद्याकडंच बघत राहिलो.

किल्ली अजून वहिनींकडंच आहे. फवारणीच्या सकाळी भाऊ ती मागतात आणि दर वेळी थोडे चिडतात.